वार्ना १९६२ : जिंकता जिंकता राहिलेला (?) डाव

हल्ली बुद्धिबळाचा मोठा सामना लाईव्ह बघायला बसलं की पटाच्या शेजारी एक उभी पट्टी दिसते. अर्धी पांढरी, अर्धी काळी. पांढऱ्याची बाजू वरचढ झाली की पांढरा भाग वाढतो, काळ्याची झाली की काळा. एखाद्या चालीनंतर ती पट्टी धप्पकन खाली येते आणि आपण, म्हणजे ज्यांना घरी भाच्याकडूनही मात बसते असे आपण, सोफ्यावरून ओरडतो, "अरे काय केलंस हे! जिंकलेला डाव घालवलास!"

ही पट्टी यायच्या कितीतरी आधीची एक गोष्ट आहे. तिच्यात "जिंकलेला डाव घालवला का?" या एका प्रश्नाचं उत्तर मिळायला बरीच वर्षं लागली. आणि उत्तर मिळालं तेही कोणाच्या अपेक्षेसारखं नाही.

बुद्धिबळ फारसं येत नसेल तरी चालेल. सोंगट्या कशा चालतात एवढं ठाऊक असलं की पुरे.

*

साल १९६२. काळ्या समुद्राकाठचं बल्गेरियातलं वार्ना शहर. तिथे बुद्धिबळाचं ऑलिंपियाड चालू होतं. हा देशादेशांमधला सांघिक सामना, दर दोन वर्षांनी होणारा.

सोव्हिएत संघाची यादी नुसती वाचली तरी धडकी भरावी. बोत्विनिक, पेट्रोशियन, स्पास्की, केरेस, गेलर, ताल. सहा जणांपैकी चार जण कधी ना कधी जगज्जेते झालेले. ताल होऊन गेला होता, बोत्विनिक त्या वेळी होता, पेट्रोशियन पुढच्याच वर्षी होणार होता आणि स्पास्की १९६९ मध्ये.

अमेरिकेच्या पहिल्या पटावर होता बॉबी फिशर. वय वर्षं १९.

फिशर त्या वर्षी भयंकर चिडलेला होता, आणि ते का हे सांगितल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. त्याच वर्षी क्युरासाओ बेटावर कँडिडेट्स स्पर्धा झाली होती. तिचा विजेता जगज्जेत्याला आव्हान देणार. फिशर चौथा आला. पेट्रोशियन, केरेस आणि गेलर हे तिघे पुढे. या तिघांनी आपापसात १२ डाव खेळले आणि बाराच्या बारा बरोबरीत सोडवले! म्हणजे एकमेकांशी खेळताना विश्रांती आणि सगळी ताकद बाकीच्यांविरुद्ध. फिशरने 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'मध्ये लेख लिहून उघड आरोप केला की रशियनांनी संगनमत करून जागतिक बुद्धिबळ स्वतःच्या खिशात टाकलंय. लेख ऑगस्टमध्ये छापून आला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच हा पोरगा वार्नामध्ये त्याच रशियनांच्या म्होरक्यासमोर बसला.

मिखाईल बोत्विनिक. वय ५१. १९४८ पासून मधली दोन छोटी खंडं सोडली तर तोच जगज्जेता. पेशाने इलेक्ट्रिकल इंजिनियर, आणि नुसता नावापुरता नाही, डॉक्टरेट घेतलेला. त्याचा बुद्धिबळही इंजिनियरचाच. घरी बसून तयारी, वह्याच्या वह्या, शिस्त. फिशर आणि बोत्विनिक आयुष्यात एकमेकांशी एकदाच खेळले. तो हा डाव.

*

पांढऱ्या सोंगट्या बोत्विनिककडे. फिशरने ग्रुनफेल्ड बचाव निवडला. बोत्विनिक मनातून खूश झाला असणार, कारण ही अख्खी ओळ त्याने काही वर्षांपूर्वी स्मिस्लोवविरुद्धच्या सामन्यासाठी घरी तपासून ठेवली होती. तो भराभर खेळत गेला. सतराव्या चालीला त्याने ई पट्टीवरचं प्यादं पुढे सरकवून फिशरच्या वजिरावर हल्ला चढवला. वजिराला जायला धड जागा नाही, असा घरच्या वहीचा निष्कर्ष.

फिशरने त्याच वजिराने समोरचं एक प्यादं खाल्लं.

बघणाऱ्याला वाटावं, पोराचं डोकं फिरलं! ते प्यादं तर पांढऱ्या उंटाच्या जोरावर होतं, उंट सरळ वजीर मारणार. पण गोम अशी की तोच उंट पांढऱ्या वजिराचंही रक्षण करत होता. उंट काळा वजीर मारायला गेला की पांढरा वजीर उघडा पडतो आणि काळा घोडा त्याला उचलतो. वजिराला वजीर गेला, हिशोब चुकता, आणि वर एक प्यादं फिशरच्या खिशात.

जगज्जेत्याच्या घरच्या तयारीत, वर्षानुवर्षं जपलेल्या वहीत, एक बग होता! आणि तो १९ वर्षांच्या पोराने पटावर बसल्या बसल्या शोधला. आपल्यापैकी ज्यांनी स्वतः तपासून, टेस्ट करून, ठणठणीत आहे म्हणून दिलेला कोड लोकांसमोर आपटताना पाहिलाय, त्यांना बोत्विनिकच्या पोटात त्या क्षणी काय झालं असेल हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या वीस-पंचवीस चाली बोत्विनिकच्या दृष्टीने नुसती पडझड होती. शेवटी उरले दोन राजे, दोन हत्ती, पांढऱ्याची तीन प्यादी आणि काळ्याची चार. वेळ संपली आणि ४५ व्या चालीच्या सुमारास डाव तहकूब झाला.

*

आता हे 'तहकूब' प्रकरण नव्या मंडळींना माहीत नसेल. त्या काळी ठरावीक तास खेळून डाव संपला नाही तर तो थांबवायचे. ज्याची चाल असेल त्याने ती पटावर न खेळता कागदावर लिहायची, पाकिटात घालून पंचांकडे द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पाकीट फोडून डाव पुढे सुरू. मधल्या वेळात तुम्ही झोपा, जेवा किंवा विश्लेषण करा. एकट्याने करा, मित्रांना घेऊन करा. नियमात बसत होतं सगळं.

म्हणजे दिवसा पटावर दोन माणसं भिडायची आणि रात्री दोन खोल्या भिडायच्या!

सोव्हिएत खोलीत कोण कोण होतं ती यादी वर दिलीच आहे. एक प्यादं कमी आणि त्यात काळ्याकडे ए आणि बी पट्ट्यांवर शेजारी शेजारी दोन प्यादी, म्हणजे हातात हात घालून वजीर व्हायला निघालेली जोडगोळी. नेहमीचा विचार असा की हत्ती मागे ठेवा, आपली प्यादी राखा, गपगुमान मार खात बसा आणि काहीतरी चमत्कार होईल अशी आशा धरा. रात्रभर खल झाला. बचावाची कल्पना सुचली ती येफिम गेलरला.

हो, तोच गेलर. क्युरासाओच्या तिघांपैकी एक. फिशरने ज्यांच्यावर "हे लोक एकमेकांना मदत करतात" असा आरोप केला होता, त्यांच्यातलाच एक. आणि आता तो खरंच मदत करत होता, फक्त या वेळी पूर्णपणे नियमात राहून.

गेलरची कल्पना साधी होती आणि उलटी होती. ए पट्टीवरचं प्यादं राखूच नका, देऊन टाका. हत्ती सरळ शत्रूच्या घरात घुसवा आणि बदल्यात पलीकडच्या बाजूचं, एच पट्टीवरचं प्यादं मारा. फिशरचं एक प्यादं जास्तच राहील, पण पांढरा हत्ती मोकळा होईल. हत्तींच्या अंत्यडावात मोकळा हत्ती एखाद्या प्याद्याच्या तोलाचा असतो हे कुठलंही जुनं पुस्तक सांगेल. पण हरत असताना आपण होऊन आणखी एक वस्तू देऊन टाकायला छाती लागते. किंवा मग अशी खोली लागते, जिथे सहा जण जागे आहेत.

दुसऱ्या दिवशी खेळ सुरू झाला आणि सगळं गेलरच्या कल्पनेबरहुकूम घडत गेलं. ५१ व्या चालीला फिशरने बी पट्टीवरचं प्यादं एक घर पुढे ढकललं. अगदी नैसर्गिक चाल. वजीर व्हायचंय ना, मग प्यादं पुढे ढकलणार नाही तर काय करणार!

बोत्विनिकने एच पट्टीवरचं प्यादं पुढे टाकलं. फुकट, घ्या म्हणून. फिशरने मध्ये एक शह देऊन मग ते घेतलं. आणि आता पांढऱ्या हत्तीने आडव्या ओळीतून शह दिला. काळा राजा पाचव्या ओळीत, आणि त्याच्या मागे त्याच ओळीत नुकतंच पुढे आलेलं ते बी पट्टीवरचं प्यादं! राजा बाजूला झाला, हत्तीने प्यादं उचललं, जोडगोळी फुटली. उरली ती कडेची प्यादी, आणि हत्तींच्या अंत्यडावात कडेच्या प्याद्यांवर डाव जिंकणं किती अवघड असतं ते खेळणाऱ्यांना माहीत आहे. ६८ व्या चालीला बरोबरी. बोत्विनिकने पुढे लिहून ठेवलंय की फिशर पांढराफटक पडला होता आणि डोळ्यांत पाणी घेऊन सभागृहाबाहेर गेला.

१९ वर्षांचं पोर. जगज्जेत्याला एकट्याने घाम फोडला आणि शेवटी समोर एक अख्खी खोली निघाली.

*

एवढ्यावर गोष्ट संपती तर मी ब्लॉग लिहायला घेतला नसता.

१९६९ मध्ये फिशरचं 'माय सिक्स्टी मेमोरेबल गेम्स' आलं. त्यात हा बरोबरीतला डाव त्याने घेतलाय. जिंकलेले डोंगरभर डाव हाताशी असताना हा घेतला, यावरूनच त्याला तो किती बोचत होता हे कळतं. त्यात त्याने ठामपणे लिहिलं की ५१ व्या चालीला बी पट्टीवरचं प्यादं ढकलायच्या ऐवजी राजा पुढे नेला असता, तर तो जिंकला असता. दाव्यात दम होता. राजा पाचव्या ओळीतून बाहेर पडला की तो आडवा शह, ते प्यादं उचलणं, सगळंच बाद होतं.

बोत्विनिक गप्प बसणाऱ्यातला नव्हताच. त्याने उलट विश्लेषण छापलं : नाही, तरीही बरोबरीच. १९७० मध्ये या दोघांचा सामना हॉलंडमध्ये लायडनला भरवायचं चाललं होतं, पण अटींवरून ते बारगळलं. म्हणजे पटावर सोक्षमोक्ष लागण्याची शक्यता संपली. उरले कागद. एका बाजूला १९७२ मध्ये जगज्जेता झालेला फिशर, दुसऱ्या बाजूला निवृत्त झालेला बोत्विनिक, आणि मध्ये नऊ सोंगट्यांची एक स्थिती.

बोत्विनिक तेव्हा निवडक मुलांसाठी एक बुद्धिबळाची शाळा चालवायचा. १९७० च्या दशकात त्या शाळेत बाकूहून एक मुलगा यायचा. त्याने ही स्थिती घेतली, फिशरची मांडणी घेतली आणि पांढऱ्याला वाचायचा रस्ता शोधून काढला. फिशर म्हणतो तसा राजा पुढे नेला, तरीही हत्तीने शह देत देत काळ्याची प्यादी अडवता येतात. बरोबरीच!

त्या मुलाचं नाव गॅरी कास्पारोव.

म्हणजे बघा. निदान त्या ५१ व्या चालीपुरतं तरी, फिशरने डाव 'घालवला' नव्हता. जी संधी हुकली म्हणून तो इतकी वर्षं हळहळला, ती तिथे नव्हतीच. पण हे ठरवायला दोन जगज्जेते, एक होणारा जगज्जेता आणि दशकभराहून जास्त काळ लागला.

(इंजिनियर मंडळींसाठी एक कंस : सात सोंगट्यांपर्यंतची प्रत्येक स्थिती संगणकाने २०१२ मध्ये पूर्ण सोडवली, लोमोनोसोव टेबलबेस म्हणून. तिचा आकार १४० टेराबाईट. फिशरची ५१ व्या चालीची स्थिती नऊ सोंगट्यांची आहे. म्हणजे तिचं उत्तर त्या कोष्टकात नुसतं बघून आजही मिळत नाही, इंजिनाला ते शोधावंच लागतं. बोत्विनिकने स्वतः आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं 'पायोनियर' नावाच्या प्रोग्रॅमवर घालवली. त्याला यंत्राने माणसासारखा विचार करून खेळायला हवं होतं. यंत्रं जिंकली, पण त्या रस्त्याने नाही.)

*

आता एकदम ५६ वर्षं पुढे. नोव्हेंबर २०१८, लंडन. जगज्जेतेपदाचा सामना, कार्लसन विरुद्ध कारुआना. तहकुबीची पद्धत १९९० च्या दशकातच मोडीत निघाली होती. कारण उघड आहे, रात्रीच्या खोलीत गेलरच्या जागी संगणक येऊन बसला होता.

सहावा डाव. कारुआनाकडे काळ्या सोंगट्या, एक मोहरा जास्त. बदल्यात कार्लसनकडे प्यादी. ६८ व्या चालीला नॉर्वेतल्या 'सेसे' या बलाढ्य संगणकाने जाहीर केलं की काळा जिंकतोय, अमुक इतक्या चालींत मात. कशी? तर आधी उंट कडेला न्यायचा, मग घोडा नाचवत नेऊन पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत, जिथून त्याला बाहेरही पडता येत नाही अशा घरात, स्वतःच कोंडून ठेवायचा. मग पांढऱ्या राजाची कोंडी होते आणि बाकीचं यथावकाश.

कारुआनाने ते खेळलं नाही. ८० चालींनंतर बरोबरी. जगभर बोंब : जिंकलेला डाव सोडला!

तेव्हा कास्पारोवने जे म्हटलं त्याचा आशय असा : या चाली जर कारुआनाने खरंच खेळल्या असत्या, तर आयोजकांनी ताबडतोब मेटल डिटेक्टर मागवले असते. कारण आपला घोडा आपण होऊन असा कोंडणारा माणूस जन्माला यायचाय.

शाळकरी वयात ज्याने फिशरची 'हुकलेली संधी' नव्हतीच हे दाखवलं, त्याच माणसाने कारुआनाची हुकलेली संधी होती, पण माणसासाठी नव्हती, हे सांगितलं. मला या योगायोगाची फार गंमत वाटते.

वार्नामध्ये सगळ्यांना दिसणारी संधी होती, पण ती खरी नव्हती. लंडनमध्ये खरी संधी होती, पण ती दिसणारी नव्हती. आणि खरंखुरं हुकणं कसं असतं तेही त्याच सामन्याच्या पहिल्या डावात दिसलं. कारुआनाकडे घड्याळात वेळच उरली नव्हती, कार्लसन वरचढ होता, चांगल्या चाली माणसाला सापडतील अशाच होत्या, आणि ४० व्या चालीच्या आसपास त्याच्या हातून पकड सुटली. मग तो पार ११५ व्या चालीपर्यंत, सात तास, पिळत बसला. बरोबरीच. सामन्यातले बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले आणि शेवटी कार्लसनने जलद डावांत ३-० ने मुकुट राखला.

ती उभी पट्टी मात्र या तिन्ही प्रकारांत फरक करत नाही. तिच्या लेखी हुकलं म्हणजे हुकलं. संधी किती खोल पुरलेली होती, शोधायला किती मिनिटं होती, शोधणारा किती थकला होता, यातलं काही ती दाखवत नाही.

ऑफिसात रात्री तीनला सर्व्हर पडतो. सकाळी दहाला मीटिंग. तोवर लॉगमधली नेमकी ती ओळ कुणीतरी शोधलेली असते, प्रोजेक्टरवर लाल रंगात दाखवलेली असते, आणि एसीत बसलेला कुणीतरी म्हणतो, "हे तर सरळ दिसत होतं ना?" हो, सकाळी दहाला दिसतंय. रात्री तीनला जो जागा होता, त्याच्यासमोर तसल्या चाळीस हजार ओळी होत्या आणि एकही लाल नव्हती. मी या दोन्ही खुर्च्यांत बसलोय. दुसऱ्या खुर्चीत बसून तो प्रश्न विचारलाही आहे, आणि आता त्याची लाज वाटते.

म्हणून अलीकडे एक सवय लावून घेतोय. "जिंकलेला डाव घालवलास" असं म्हणायच्या आधी स्वतःला विचारायचं : ही संधी खरी होती का? आणि खरी असेल, तर त्या माणसाला, त्या खुर्चीत, तेवढ्या वेळात ती दिसण्यासारखी होती का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर खुशाल बोलावं. बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नाशीच तोंड बंद होतं.

फिशरचं वाईट वाटतंच, तरीही. कुणीतरी त्याला लवकर सांगायला हवं होतं की बाबा रे, एवढा जिवाला लावून घेऊ नकोस, तो राजा पुढे नेला असतास तरी बरोबरीच होती. अर्थात त्याने ऐकलं नसतं म्हणा.

असो. रविवार आहे, पट मांडा घरी कुणाबरोबर तरी. पट्टी न लावता.